सार्वजनिक ग्रंथालय आणि सल्लागार मंडळ : सल्ल्याचे स्वरूप, सामर्थ्य व मर्यादा

सार्वजनिक ग्रंथालय ही संस्था वरवर पाहता साधी वाटते. एक इमारत, काही हजार पुस्तके, एक ग्रंथपाल आणि संध्याकाळी वर्तमानपत्रे चाळणारी मंडळी, एवढ्याने तिचे चित्र पुरे होते अशी सर्वसाधारण समजूत आहे. तथापि या संस्थेच्या अंतरंगात निरनिराळ्या पक्षांचे हितसंबंध गुंतलेले असतात. पैसा देणारा एक पक्ष. तो शासन असेल, नगरपालिका असेल किंवा एखादा दाता असेल. कारभार पाहणारा दुसरा पक्ष. त्यात पदाधिकारी व ग्रंथपाल येतात. तिसरा पक्ष वाचकांचा. पैसा देणाऱ्याचे मत नियमांच्या द्वारे प्रकट होते, कारभार पाहणाऱ्याचे मत ठरावांतून व्यक्त होते आणि सभासद वाचकाला वार्षिक सभेत बोलता येते. परंतु या तिघांखेरीज एक चौथा पक्ष आहे व संख्येने तोच सर्वांत मोठा आहे. ग्रंथालयाची पायरी जो कधी चढलेलाच नाही, असा हा नागरिक होय. त्याचे म्हणणे नियमांत नसते, ठरावांत नसते आणि वार्षिक सभेतही नसते. ग्रंथालय सार्वजनिक म्हणवीत असेल तर ते त्याचेही आहे. सल्लागार मंडळाचे खरे स्थान येथे आहे. ज्याचा आवाज ग्रंथालयाच्या कारभारात अन्य मार्गाने पोचत नाही, त्याची गरज शोधून ती पुराव्यानिशी मांडणे, हे अशा मंडळाचे मुख्य कार्य होय. मंडळाची उपयुक्तता या एका कसोटीवर पारखली पाहिजे.

सत्ता आणि सल्ला

ग्रंथालयाशी संबंधित मंडळे स्थूलमानाने दोन प्रकारची असतात. ज्यांच्या हाती निधी, नेमणुका व मालमत्ता असते ती नियामक मंडळे होत. ज्यांना केवळ विचारविनिमय करून शिफारस करता येते ती सल्लागार मंडळे होत. मद्रास प्रांताने १९४८ साली केलेल्या ग्रंथालय कायद्यात हा भेद स्पष्ट दिसतो. स्वतंत्र भारतातील हा पहिला ग्रंथालय कायदा होय. त्यात शासनाला सल्ला देण्यासाठी राज्य ग्रंथालय समिती निर्माण करण्यात आली आणि प्रत्यक्ष ग्रंथालये चालविण्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत स्थानिक ग्रंथालय प्राधिकरणे स्थापण्यात आली. मालमत्ता करावरील अधिभाराच्या रूपाने ग्रंथालय कराचे उत्पन्न या प्राधिकरणांना मिळे. एका मंडळाकडे विचार आणि दुसऱ्याकडे व्यवहार अशी ही विभागणी होती. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३० सालापासून जो आदर्श ग्रंथालय विधेयकाचा आग्रह धरला होता, त्याची छाया या रचनेवर पडलेली आहे.

इंग्लंडमध्येही हीच वाट चोखाळली गेली. तेथील १८५० च्या कायद्याने नगरांना ग्रंथालयासाठी अल्प दराने कर बसविण्याची मुभा मिळाली आणि कारभार नगरसंस्थांच्या ग्रंथालय समित्यांकडे आला. पुढे शतकाहून अधिक काळ लोटल्यावर, १९६४ च्या कायद्याने ग्रंथालयसेवेवर देखरेख ठेवण्याची जबाबदारी मंत्र्यावर टाकण्यात आली आणि त्याला सल्ला देण्यासाठी दोन परिषदा स्थापन झाल्या, एक इंग्लंडसाठी व एक वेल्ससाठी. देखरेखीचे अधिकार वाढले तेव्हा सल्ल्याची गरजही वाढली, हे या इतिहासातून ध्यानात येते.

सल्लागार मंडळाला आज्ञा करता येत नाही म्हणून ते दुबळे असते, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. बॉस्टन येथील सार्वजनिक ग्रंथालयाच्या विश्वस्तांनी १८५२ साली नगरपरिषदेला जो अहवाल सादर केला, त्याचे उदाहरण या संदर्भात बोधप्रद आहे. एडवर्ड एव्हरेट व जॉर्ज टिक्नर या दोन विद्वानांचा त्या अहवालात प्रमुख वाटा होता. एव्हरेट यांचा ओढा विद्वानांच्या संदर्भ-ग्रंथालयाकडे होता. उलट, लोकांना आवडणारी चांगली पुस्तके पुष्कळ प्रतींत घ्यावीत, ती घरी नेण्यास द्यावीत, आणि एकच पुस्तक एकाच वेळी अनेकांना वाचता यावे, असे टिक्नर यांचे मत होते. अहवालात टिक्नर यांच्या मताला प्रमुख स्थान मिळाले. त्या वेळी ग्रंथालयाला स्वतःची इमारतही नव्हती. हा अहवाल लंडनमध्ये व्यवसाय करणाऱ्या जोशुआ बेट्स या मूळच्या मॅसॅच्युसेट्सच्या सावकाराच्या वाचनात आला. तरुणपणी बॉस्टनमध्ये असताना पुस्तकांवर खर्च करण्याची ऐपत नसलेल्या या गृहस्थाने ५०,००० डॉलर देऊ केले. नगराने योग्य इमारत उभारावी व ग्रंथालय सर्वांना मोफत खुले असावे, या त्यांच्या अटी होत्या. लोकांची गरज नेमक्या शब्दांत मांडणारा एक लेखी अहवाल किती दूरवर परिणाम करू शकतो, हे यावरून स्पष्ट होते.

महाराष्ट्रातील परंपरा

महाराष्ट्रात ग्रंथालये कायद्याच्या आधी जन्मली. रत्नागिरी येथे १८२८, अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे १८३८, नाशिक येथे १८४० आणि पुणे येथे १८४८ साली स्थापन झालेल्या संस्था ही या परंपरेची आरंभीची ठाणी होत. पुढे १८९३ साली ठाण्यास व १८९८ साली मुंबईस मराठी ग्रंथसंग्रहालये निघाली आणि मराठी ग्रंथांचा संग्रह करणे हे एक सामाजिक कर्तव्य मानले जाऊ लागले. या संस्थांचा पाया वर्गणीचा होता. वर्गणीदार हाच मालक, तोच मतदार आणि बव्हंशी तोच वाचक. वकील, शिक्षक, सरकारी नोकर व व्यापारी यांनी स्वतःच्या गरजेतून व लोकसेवेच्या भावनेतून या संस्था वाढविल्या, हे त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु वर्गणी व अनामत भरण्यास जो असमर्थ, त्याला पुस्तक घरी नेता येत नसे. वर्तमानपत्रांपुरते मुक्तद्वार वाचनालय त्याच्यासाठी खुले असले, तरी कोणती पुस्तके घ्यावीत हे ठरविताना त्याचा विचार होण्याचे काही कारण नव्हते.

बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाड यांनी वेगळा प्रयोग केला. १९०६ साली संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केल्यानंतर शिकलेला मुलगा पुन्हा निरक्षर होऊ नये, ही चिंता त्यांच्यापुढे होती. १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले आणि मध्यवर्ती ग्रंथालय, खेड्यांतील वाचनालये व फिरत्या पेट्या यांची साखळी उभारली. गावकऱ्यांनी एक हिस्सा जमवावा, प्रांत पंचायतीने तेवढाच द्यावा आणि दरबारानेही तेवढाच घालावा, ही तेथील योजना होती. तिचे महत्त्व केवळ आर्थिक नव्हे. ज्या गावाने आपला तिसरा हिस्सा घातला, त्याला ग्रंथालय आपले वाटू लागले. केवळ वरून आलेल्या दानाला गाव सल्ला देत नाही. ज्यात आपला वाटा आहे अशा वस्तूविषयीच तो मनापासून बोलतो.

कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली ग्रंथालयांचा कायदा केला. भारतातील हा पहिला ग्रंथालय कायदा मानला जातो. १९४९ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाल्यावर तो मागे पडला. दरम्यान मुंबई सरकारने १९३९ साली असफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय विकास समिती नेमली होती. मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यातील वाचनालयापर्यंत पायऱ्यापायऱ्यांची रचना या समितीने सुचविली. परंतु महायुद्ध सुरू झाले, बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि ही योजना दप्तरात पडून राहिली. खेर पुन्हा सत्तेवर आल्यानंतर, १९४६-४७ च्या सुमारास तिची अंमलबजावणी सुरू झाली. सल्ल्याचे भवितव्य तो ऐकणाऱ्याच्या हाती असते, हे या प्रकरणात दिसते. तसेच व्यवस्थित लिहून ठेवलेला सल्ला काळाची वाट पाहू शकतो, हेही दिसते. तोंडी दिलेला सल्ला सभा संपताच विरला असता.

१९६७ चा कायदा व त्यातील रचना

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ साली संमत झाला व १ मे १९६८ पासून अंमलात आला. या कायद्याने स्वतंत्र ग्रंथालय विभाग व ग्रंथालय संचालक यांची तरतूद केली. कायद्याच्या अंमलबजावणीसंबंधी शासनास सल्ला देण्यासाठी राज्य ग्रंथालय परिषद निर्माण केली आणि जिल्ह्यासाठी जिल्हा ग्रंथालय समितीची योजना केली. परिषदेचे अध्यक्षपद मंत्र्याकडे असते. विधिमंडळाचे सदस्य, अधिकारी व ग्रंथालय संघाचे प्रतिनिधी तीत असतात. मद्रासप्रमाणे स्वतंत्र ग्रंथालय कर मात्र महाराष्ट्राने बसविला नाही. शासनाने प्रतिवर्षी किमान २५ लाख रुपये ग्रंथालय निधीत घालावेत, अशी तरतूद करण्यात आली.

या रचनेचे एक वैशिष्ट्य विशेष ध्यानात घेतले पाहिजे. मद्रासमध्ये ग्रंथालये प्राधिकरणाची होती. महाराष्ट्रात ती बहुतांशी नोंदणीकृत लोकसंस्थांची आहेत. शासन त्यांना मान्यता देते, 'अ' पासून 'ड' पर्यंत वर्ग ठरविते आणि त्यानुसार अनुदान देते. परंतु मालकी व दैनंदिन कारभार संस्थेच्या कार्यकारी मंडळाकडे राहतो. या पद्धतीमुळे स्थानिक उत्साह टिकला आणि मान्यताप्राप्त ग्रंथालयांची संख्या दहा हजारांच्या पुढे गेली, हा तिचा गुण होय. तिचा दोषही याच ठिकाणी आहे. ग्रंथालय लोकांच्या पैशावर चालते, पण ते सभासदांनाच उत्तरदायी असते. शासनाचा निरीक्षक दाखल नोंदवही, देवघेव नोंदी व जमाखर्च तपासतो. पुस्तके किती, हे त्याला कळते. गावातील किती कुटुंबांत त्यांतले एकही पुस्तक पोचले नाही, हे कोणत्याही नोंदवहीत लिहिलेले नसते.

या दोहोंमधील पोकळी भरून काढण्यासाठी ग्रंथालयाच्या पातळीवर सल्लागार मंडळाची गरज आहे. राज्य परिषद धोरणाचा विचार करील व जिल्हा समिती जिल्ह्याचा. परंतु एका गावाची किंवा एका नगराची गरज त्या गावातच ओळखावी लागते.

मंडळाची कार्ये

सल्लागार मंडळाचे पहिले कार्य आपला समाज जाणून घेण्याचे होय. हे कार्य तर्काने होत नाही; त्यासाठी पाहणी लागते. इचलकरंजीसारख्या यंत्रमागाच्या गावात कामगार पाळीत काम करतो. ग्रंथालयाची वेळ त्याच्या पाळीशी जुळत नसेल, तर तेथील उत्तमोत्तम ग्रंथ त्याला नसल्यासारखेच होत. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात व हंगाम संपल्यावर परततात; मुलांना दिलेली पुस्तके विशिष्ट दिवसांत परत आलीच पाहिजेत, हा नियम अशा गावात मुलांना पुस्तकांपासून दूर ठेवण्याचे साधन बनतो. सोलापुरात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू व उर्दू बोलणाऱ्यांची मोठी वस्ती आहे. तेथील ग्रंथालयाने त्या भाषांतील पुस्तके किती ठेवावीत, हा प्रश्न केवळ ग्रंथनिवडीचा नाही. ग्रंथालय कोणाचे, असा तो प्रश्न आहे. अशा बाबी मुंबईतील कार्यालयात बसून ठरविता येत नाहीत.

दुसरे कार्य ग्रंथनिवडीच्या धोरणाचे. शासनमान्य ग्रंथांची यादी राज्यपातळीवर तयार होते. १९७२ साली स्थापन झालेल्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या साहाय्यातूनही ग्रंथ मिळतात. या व्यवस्थेने संग्रह वाढतो. परंतु सर्व गावांत तीच पुस्तके पोचण्याचा संभव असतो. म्हणून स्वतःच्या खरेदीचा भाग कोणत्या विषयांकडे वळवावा, हे मंडळाने सुचविले पाहिजे. येथे एक सीमा पाळणे अगत्याचे आहे. मंडळाने धोरण सांगावे, पुस्तक निवडू नये. बालवाङ्मयाचा भाग वाढवावा, शेतीविषयक नवी पुस्तके घ्यावीत, जीर्ण व कालबाह्य ग्रंथांचे निर्लेखन नियमाने व्हावे, अशी शिफारस योग्य होय. अमुक लेखकाचे पुस्तक घ्यावे आणि तमुकाचे काढून टाकावे, असे मंडळ सांगू लागले की ते सल्लागार न राहता परीक्षक बनते. सदस्यांत लेखक, प्रकाशक किंवा पुस्तकविक्रेते असल्यास ही सीमा अधिकच काटेकोरपणे पाळावी लागते.

याच सीमेशी तिसरे कार्य निगडित आहे. एखाद्या पुस्तकाविरुद्ध गावात गवगवा होतो, एखादा वजनदार गृहस्थ ते कपाटातून काढण्याचा आग्रह धरतो, त्या वेळी ग्रंथपाल एकटा पडतो. त्याचे वेतन तुटपुंजे असते व नोकरीची शाश्वती थोडी असते. अशा वेळी ग्रंथनिवडीचे लेखी धोरण आधीच ठरलेले असेल व मंडळ त्याच्या पाठीशी उभे राहील, तर निर्णय व्यक्तीच्या दडपणावर न होता तत्त्वावर होतो. तक्रार लेखी घ्यावी, पुस्तक प्रत्यक्ष वाचून मत द्यावे आणि निर्णय होईपर्यंत ते कपाटातच राहू द्यावे, ही पद्धत सर्व पक्षांना न्याय देणारी आहे.

अभ्यासिकेचा प्रश्न

मंडळाच्या उपयुक्ततेचे उत्तम उदाहरण म्हणून अभ्यासिकेच्या प्रश्नाकडे पाहता येईल. गेल्या काही दशकांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या तरुणांची संख्या वाढली. घरी जागा नाही, शांतता नाही, म्हणून हे तरुण ग्रंथालयाकडे वळले. अनेक ग्रंथालयांनी त्यांच्यासाठी अभ्यासिका उघडल्या. अभ्यासिकेच्या शुल्कामुळे संस्थेला उत्पन्नाचे साधन मिळाले आणि ओस पडलेल्या इमारती पहाटेपासून रात्रीपर्यंत गजबजू लागल्या. यात निश्चितच लोकहित आहे. परंतु हे तरुण बहुधा स्वतःची पुस्तके घेऊन येतात. ग्रंथालय त्यांना टेबल, खुर्ची व दिवा पुरविते. क्रमाक्रमाने वाचनकक्षाची जागा अभ्यासिकेकडे जाते, बालविभाग कोपऱ्यात ढकलला जातो आणि दुपारी मासिके वाचण्यास येणाऱ्या स्त्रिया व वृद्ध येईनासे होतात. कोणीही ठराव करून त्यांना बाहेर काढलेले नसते. ते नुसते येण्याचे थांबतात.

कार्यकारी मंडळाच्या दृष्टीने हा प्रश्नच उद्भवत नाही. उत्पन्न वाढलेले असते व उपस्थितीही वाढलेली असते. सभासदांतही तक्रार करणारे थोडे असतात. अशा वेळी सल्लागार मंडळाने एक साधी गोष्ट करावी. एका आठवड्यात प्रत्येक तासाला कोणत्या दालनात किती माणसे आहेत, त्यांत मुले किती, स्त्रिया किती, वृद्ध किती, याची मोजणी करावी. पूर्वी येणारे जे आता येत नाहीत, त्यांतल्या काहींच्या घरी जाऊन विचारावे. मग शिफारस करावी. ती अभ्यासिका बंद करण्याची असण्याचे कारण नाही. दुपारचे दोन तास मुलांसाठी राखणे, रात्री मात्र सर्व जागा अभ्यासकांस देणे, शाळेची इमारत सुट्टीच्या काळात अभ्यासिकेसाठी मिळविणे, असे अनेक मार्ग मोजणीतूनच सुचतात. ज्या शिफारशीमागे आकडे असतात, तिला नकार देणाऱ्यालाही आकडेच द्यावे लागतात.

मर्यादा व दोष

सल्लागार मंडळे निष्फळ ठरण्याची कारणे बहुतेक ठिकाणी सारखी आढळतात. पहिले कारण रचनेतील होय. मंडळात गावातील प्रतिष्ठितांचा भरणा होतो. हे सर्व ग्रंथालयात आधीपासून येणारे, किंवा ग्रंथालयाची आवश्यकताच न भासणारे असतात. शाळेतील शिक्षिका, कामगार, शेतकरी, दोन-चार विद्यार्थी व ग्रंथालयात क्वचितच येणारा एखादा नागरिक यांना स्थान दिल्याशिवाय मंडळाला अज्ञात वाचकाचा परिचय होणार नाही. दुसरे कारण अनियमिततेचे. वर्षातून एकदा चहापानासाठी जमणारे मंडळ सल्ला देऊ शकत नाही. ते केवळ संमती देते. तिसरे कारण सीमोल्लंघनाचे. नोकरांच्या नेमणुका, रजा व रोजची कामे यांत सदस्य हात घालू लागले की ग्रंथपाल व मंडळ यांच्यात वितुष्ट येते आणि मूळ कार्य बाजूस पडते. ग्रंथपालाने मंडळाचा सचिव म्हणून काम पाहावे, म्हणजे माहिती व विचार यांची सांगड राहते.

चौथे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. सल्ल्याला उत्तर देण्याचे बंधन नसते. मंडळाची शिफारस मान्य न करण्याचा अधिकार कार्यकारी मंडळाला असणे योग्यच आहे. अन्यथा सल्ला व सत्ता यांतील भेदच नाहीसा होईल. परंतु मान्य न करण्याची कारणे ठरावीक मुदतीत लेखी कळविली जावीत आणि शिफारस व उत्तर ही दोन्ही फलकावर लावली जावीत, एवढा नियम संस्थेने स्वतः करण्यास कोणत्याही कायद्याची अडचण नाही. फलकासमोर उभा राहणारा नागरिक मग स्वतः न्याय करील.

केरळचा मार्ग

प्रतिनिधित्वाच्या प्रश्नाला केरळने दिलेले उत्तर वेगळे आहे. पी. एन. पणिक्कर यांच्या पुढाकाराने १९४५ साली त्रावणकोरात ४७ ग्रंथालयांचा संघ स्थापन झाला. त्यातून वाढलेल्या चळवळीला १९८९ च्या कायद्याने नवे रूप मिळाले. तेथे ग्रंथालयांचे प्रतिनिधी तालुका परिषद निवडतात, आणि त्याच क्रमाने जिल्हा व राज्य परिषदा उभ्या राहतात. इमारत व मालमत्ता करांवरील अधिभारातून निधीही मिळतो. या रचनेत परिषद केवळ सल्लागार राहत नाही. तिला कारभाराची सत्ता मिळते. लोकशाहीच्या दृष्टीने हा मोठा लाभ होय. तथापि निवडणुकीतही मत असते ते ग्रंथालयाशी आधीच जोडलेल्यांना. निवडून आलेल्या परिषदेलाही न येणाऱ्या नागरिकाचा शोध घ्यावाच लागतो. सत्ता मिळाली म्हणून सल्ल्याची गरज संपत नाही.

समारोप

बॉस्टनमध्ये एका अहवालाने दाता मिळवून दिला, मुंबई प्रांतात एका अहवालाने सात-आठ वर्षे वाट पाहून फळ धरले, आणि बडोद्यात गावाने आपला हिस्सा घालून आपुलकी मिळविली. या तिन्ही उदाहरणांतून एकच तत्त्व निष्पन्न होते. सल्ल्याचे सामर्थ्य तो देणाऱ्याच्या पदावर अवलंबून नसते. लोकांची गरज त्याने किती अचूक ओळखली आहे व किती स्पष्ट लिहिली आहे, यावर ते अवलंबून असते. महाराष्ट्रातील ग्रंथालये लोकांनी उभारली आणि शासनाने त्यांना आधार दिला. आता ज्यांच्यासाठी ती उभारली असे म्हटले जाते, त्या सर्वांपर्यंत ती पोचतात की नाही, हे तपासणारे कोणीतरी प्रत्येक ठिकाणी असले पाहिजे. सल्लागार मंडळाने हे काम पत्करले, तर वर्षाअखेरीस त्याच्यापुढे एकच प्रश्न असावा : गतवर्षी जो आला नव्हता असा कोण या वर्षी ग्रंथालयात आला? त्याचे उत्तर ज्या मंडळाला नावानिशी देता येईल, त्याचे अस्तित्व सार्थ झाले असे मानण्यास हरकत नाही.